रस्त्याच्या कडेचे कान

गणपतीच्या दिवसांत मंडपावर दिव्यांच्या माळा लागल्या की माझं डोकं फिरतं. देवावर माझा राग नाही. देवाने काय केलं? राग त्या वायरीवर आहे. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा. ज्यांना सोडता येतं त्यांनी सोडावं. माझ्याच्याने होत नाही, आणि खरं सांगायचं तर मला सोडायचंही नाही.

मी मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. सातवीनंतर शाळा सुटली, कारण रापण ओढायला घरात हात कमी पडत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याच्या वरच्या दोरीला बोये बांधलेले असतात, ते पाण्यावर ओळीने तरंगत राहतात. विशीपर्यंत मी तेच केलं. मग आमच्या बाजूचे एक साहेब, नागपूरला मोठ्या हुद्द्यावर असलेले, सुट्टीत गावी आले. आईने त्यांच्या अंगणात जाऊन पदर पसरला. साहेब म्हणाले, "पाठवून दे त्याला. उचल-ठेव करायला माणूस लागतोच मला." एवढ्या एका वाक्यावर मी आगगाडीत बसलो.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी साहेबांना बरंच बोलणार आहे. पहिल्याच उन्हाळ्यात नागपूरने मला आडवा केला. आमच्याकडे ऊन म्हणजे घाम. इथे घामसुद्धा येत नाही, अंगातलं पाणी जातं कुठे तेच कळत नाही. सक्करदऱ्याच्या वस्तीतल्या खोलीत मी तापात बडबडत पडलो होतो. साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं, आणि बाईसाहेबांनी बरा होईपर्यंत पेज करून धाडली. मी जगलो तो त्या दोघांमुळे. हे मी एक दिवसही विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर रागावणं किती सोपं झालं असतं!

आमचं ऑफिस सरकारचं, भूगर्भाच्या तपासणीचं, आणि तिथे एक काम असं होतं की जमिनीच्या पोटातले आवाज वरून ऐकायचे. लोकांना वाटायचं आम्ही सुरुंग लावतो. सुरुंगवाली पार्टी वेगळी. आम्ही काही फोडायचो नाही, नुसतं ऐकायचो. मुठीएवढे डबे असत, खाली खिळा. खिळा जमिनीत रुतवायचा, डब्याला वायर, वायरीचं दुसरं टोक जीपमधल्या यंत्राला. पायाला कळणारही नाही इतकी जमीन हलली तरी यंत्रातल्या कागदावर त्या डब्याची रेघ थरथरायची. प्रत्येक डब्याची रेघ वेगळी. आवाजाच्या जवळ जो डबा असेल त्याची रेघ आधी हलते, लांबच्याची मागाहून. कोण आधी, कोण नंतर, यावरून नकाशावर कंपासने गोल काढून आवाजाची जागा शोधायची. ते काम साहेब लोकांचं. डबे रोवणं, वायर पसरणं आणि गुंडाळणं माझं. डब्याचं नाव जिओफोन. खेड्यातले लोक त्याला कान म्हणायचे, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. रामटेकच्या अंगाला एका बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीजवळच्या गावातून तक्रार आली. पावसाळा सरला की जमिनीतून धडधड येते, भांडी वाजतात, भिंतींना चिरा पडतात. खाण जुनी, इंग्रजांच्या वेळची. आत पाणी भरलेलं. छताला आधार म्हणून खडकाचेच खांब सोडलेले होते, ते आता एकेक करून ढासळत असावेत. बोगदे नेमके कुठवर गेलेत ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. गावाबाहेरून डांबरी रस्ता जायचा. रस्त्याच्या एका बाजूला टोली होती, म्हणजे कवेलूच्या, आमच्या भाषेत कौलांच्या, छपरांची थोडी घरं आणि त्यांची खळी. दुसऱ्या बाजूला झुडपी माळ, जिथे फक्त गुरं चरायची. ढासळतंय ते माळाखाली असेल तर काटेरी तार लावून भागलं. टोलीखाली असेल तर टोली उठवायची. प्रश्न एवढाच, आणि त्याचं उत्तर द्यायला आम्ही गेलो होतो.

टोलीच्या नाल्याकडच्या शेवटच्या घरात एक विधवा बाई राहायची, पन्नाशीची. सगळे तिला काकी म्हणायचे. पहिल्या दिवशी मी रस्त्याकडेला डबे उतरवत होतो, तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"काहून गा भाऊ, हे काय पेरून राहिला?"

"कान आहेत, काकी. जमिनीतला आवाज ऐकतात."

"हो का? मंग माह्या सुनेच्या पोटावर ठेव नं एक. तिले सातवा लागला, आतून लाता मारून राहिलं पोट्टं."

आमचा ड्रायव्हर, अस्सल नागपूरचा, स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटला. काकी नाही हसली. ती माझ्याजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "थट्टा सोड. मले येवढंच सांगजो, आवाज माह्या घराखालून येते का तिकडून येते? खाली असन तं मी त्या दोन जिवाच्या पोरीले घेऊन इथे एक दिस निजत नाही. आन नसन तं उभं घर काहून मोडू मी? घर बांधाले जलम जाते, भाऊ."

मी म्हटलं, "सांगतो, काकी." वचन दिलं, कारण मला वाटलं होतं की यंत्र आहे, साहेब आहेत, मग सांगायला अडचण कसली?

अडचण पहिल्याच सकाळी निघाली. आमच्याबरोबर एक धाकटे साहेब होते, नुकतेच लागलेले, नोकरी अजून पक्की न झालेले. नकाशा बॉनेटवर पसरून ते म्हणाले, "दोन-तीन कान रस्त्यावर, एक माळात, आणि एक टोलीच्या पलीकडे, नाल्याच्या पार, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात. लांब वायरीचं रीळ काढा."

मी जीप उपसली. रीळ नव्हतं.

"अबे कोकण्या," ड्रायव्हर म्हणाला, "ते रीळ शोधून राहिला का? ते तं बाप्पाच्या सेवेत गेलं नं!"

आणि मला आठवलं. गणपतीत साहेबांच्या कॉलनीत मी मोदकांचा डबा पोचवायला गेलो होतो, तेव्हा मंडपावर लाल-काळ्या जोडवायरीची माळ लटकत होती आणि तिला हात-हातभर अंतरावर बल्ब. ती वायर मी ओळखली होती. ओळखणारच, वर्षानुवर्षं माझ्या हातून गुंडाळली गेलेली. मी तेव्हा विचारलंही, "साहेब, ही आपली फील्डची..." साहेब प्रसन्न होते, कपाळाला गुलाल होता. म्हणाले, "अरे, देवाचं काम आहे. नंतर जोडून घेऊ." मंडप उतरला. जोडणं राहिलं. तुकडे कॉलनीच्या अडगळीत पडले.

दुपारी साहेब स्वतः पाहणीला आले. डांबरावरच उभे राहिले. बाजूला पाऊल टाकलं तर काळ्या चिखलात बूट गेला असता.

"आहे त्या वायरीत भागवा," ते म्हणाले. "रस्त्याच्या कडेने सरळ ओळीत लावा सगळे. जीपही इथेच राहील."

"पण सर, एका ओळीत लावले तर बाजू कळणार नाही," धाकटे साहेब म्हणाले.

"आवाजाची जागा कळेल ना?"

"कळेल. पण एक नाही, दोन कळतील."

"मग चांगलंच की! एक मागितली, दोन मिळाल्या." साहेब हसले, गाडीत बसले आणि गेले.

मी धाकट्या साहेबांना विचारलं, दोन कशा? ते समजावू लागले, आणि मला रापणीचे बोये दिसले. बोये पाण्यावर सरळ ओळीत तरंगताहेत. कुणी खोल समुद्राच्या बाजूला दगड टाकला, तर लाट येते आणि बोये एकामागून एक हलतात. तोच दगड तेवढ्याच अंतरावर किनाऱ्याच्या बाजूला टाकला, तरी बोये त्याच क्रमाने, तसेच हलतात. नुसते बोये बघून दगड कुठल्या बाजूला पडला ते सांगता येत नाही. त्यासाठी एक तरी बोया ओळीच्या बाहेर हवा. आमचा तो बाहेरचा बोया कॉलनीच्या अडगळीत बल्बांच्या खुणा अंगावर घेऊन पडला होता.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट सांगतो. ते दिवस धानाच्या मळणीचे होते. खळ्यात पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले, बैल गोल फिरताहेत. बैलांच्या पायांनी आमच्या रेघा वेड्या व्हायच्या, उखळात मुसळ पडलं तरी कागदावर उमटायचं. ऐकायचं तर सगळं थांबायला हवं. साहेबांनी जाता जाता मला सांगितलं होतं, "लोकांशी तू बोल. तू गरीब दिसतोस, तुझं ऐकतील."

गरीब दिसतोस! मी गेलो आणि बोललो. खळ्या-खळ्यात जाऊन हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, "पोराऽ, पोळ्याच्या दिशीही बैल इतके रिकामे राहात नाही." दुसरा म्हणाला, "सरकारले आयकू येत नाही म्हणून आमी मुके व्हाव का?" शेवटी काकी मधे पडली. "अरे, आपल्याच जिवासाठी तं करून राहिले बापडे! चार दिस धान थांबलं तं काय पिकलेलं परत जाते वावरात?"

आणि ते गाव थांबलं हो! मळणी थांबली. बैल लांब नाल्यापलीकडे नेऊन बांधले. बायांनी उखळाला हात लावला नाही, आहे त्या तांदळावर भागवलं. बैलगाड्या लांबच्या वाटेने गेल्या. पोरांनी विटीदांडू घरात ठेवला. मळणीच्या दिवसांत खेडं इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाला खोकला आला तर तोंडावर पदर घेऊन खोकायची माणसं. काठी टेकत जाणारा तो म्हातारा आमच्याजवळून जाताना काठी उचलून हातात धरायचा. आणि हे सगळं कशासाठी? तर आम्ही रस्त्याच्या कडेला एका ओळीत लावलेल्या डब्यांसाठी, ज्यांना बाजू कळणारच नव्हती. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आवाज आले. पायाखाली कुणी पोतं आपटावं तसे. कागद भरले. त्याच दिवसांत आभाळ आलं, अवकाळी पाऊस झाला आणि थांबलेल्या खळ्यांतले पुंजणे भिजले. तरी कुणी आम्हाला शिवी दिली नाही. काकीने निघताना तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. "साहेबाले म्हणा, लवकर सांगजा."

ऑफिसात नकाशावर गोल निघाले. व्हायचं तेच झालं. गोल दोन ठिकाणी एकमेकांना छेदत होते, एक फुली टोलीखाली आणि तिच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आरशात बघितल्यासारखी दुसरी फुली माळाखाली. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा साहेबांचं बोट माळावर टेकलेलं होतं.

"खाणीचं तोंड याच बाजूला आहे. तेव्हा हेच."

"सर, तोंड तिथे असलं तरी बोगदे..."

"टोलीखाली म्हटलं तर काय काय निघेल कल्पना आहे? जागा द्या, घरं द्या, कोर्ट, मोर्चे. आणि तुमच्याकडे पुरावा आहे का, त्याच बाजूला आहे म्हणून?"

धाकट्या साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. पुरावा नव्हताच. पुरावा नसायची सोयही आमचीच. अहवाल टाइप झाला: हालचाल निर्जन माळाखाली, वस्तीस धोका नाही.

त्या संध्याकाळी मी घरी ताटावर बसलो आणि जेवलो नाही. बायको आमच्याच गावची, इथे येऊन तिची भाषा बदलली नव्हती. ती म्हणाली, "राग येता तर येवंदे, पण आधी जेवा. भातान काय केल्यान तुमचा?"

मी म्हटलं, "ह्यो भात बघितलंय की ते भिजलेले पुंजणे दिसतत."

"मग साहेबांका सांगा."

"त्यांच्या पेजेवर जगलंय मी. काय तोंडान सांगू?"

तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "पेज बाईसाहेबांनी केली हुती. त्या बायेच्या भाकरी पण तुमीच खाल्ल्यात."

पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगसाठी दिल्लीला गेले. धाकटे साहेब माझ्याजवळ आले, इकडे-तिकडे बघत. "ते तुकडे जोडता येतील?" मी एका शब्दाने विचारलं नाही की परवानगी आहे का. कॉलनीच्या अडगळीतून तुकडे काढले. बल्बांच्या जागी वायर सोललेली होती, कुठे पताकांचा रंगीत कागद चिकटलेला. बसून एकेक जोड पिळला, पट्टी गुंडाळली, पुन्हा पुन्हा तपासला. ड्रायव्हरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मले काय, जीप काय माह्या बापाची? कोठे न्याची ते सांगा."

पण गावात मळणी जोरात चालली होती. भिजलेलं धान उरकायची घाई. पुन्हा 'थांबा' म्हणायचं होतं, आणि ते मलाच म्हणायचं होतं. मी काकीच्या खळ्यात गेलो. बैल फिरत होते, तिचा मुलगा मागून हाकत होता.

"आला का? काय निघालं?" तिने विचारलं.

"काकी, अजून एकदा ऐकावं लागेल."

"काहून? मागच्या बारीले काय आयकलं मंग तुमी?"

खोटं बोलायला जागा होती. यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं. मला ते जमलं नाही. मी सांगितलं. एक कान टोलीच्या पलीकडे हवा होता, वायर पुरली नाही, कारण वायर कापून साहेबांच्या गणपतीला लायटिंग केलं होतं.

ती आधी हसली. खो-खो हसली. मुलाकडे वळून म्हणाली, "आयकलं का रे? आपलं धान भिजलं ते बाप्पाच्या उजेडापायी!" मुलगा हसला नाही. त्याने बैल थांबवले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग काकीचंही हसू गेलं.

"आमी तोंड शिवून बसलो होतो, भाऊ. सून रडली तरी तिले म्या चूप कर म्हनलं. आन तुमी रस्त्यावर बसून काय, हवा खाऊन राहिले होते?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"किती वेळ पायजे आता?"

"एक आवाज येईपर्यंत."

ती उठली, पदर खोचला आणि टोलीतून ओरडत गेली, "हाना बैल तिकडे! अजून एक डाव! मी सांगून राहिली, माह्यावर रागवा, त्याईच्यावर नका रागवू!" गावाने ऐकलं नाही, तिकडे मळणी चालूच राहिली. पण टोली थांबली. मी जोडलेली वायर खांद्यावर घेऊन नाला ओलांडला, ओल्या बांधीत गुडघ्याएवढ्या चिखलातून गेलो आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेवटचा कान रोवला.

हिशोब अगदी साधा होता. आवाज माळाकडून आला तर रस्त्यावरचे कान आधी हलतील, धुऱ्यावरचा शेवटी. टोलीखालून आला तर धुऱ्यावरचा रस्त्याच्या आधी, कारण टोलीखालची ती फुली रस्त्यापेक्षा नाल्याला जवळ होती. आम्ही जीपमागे यंत्रावर वाकून बसलो. गावातल्या बैलांची कुरबुर कागदावर होतीच, पण ती ओळखू येत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा पायाखाली पोतं आपटलं. कागद सरकत बाहेर आला. धाकट्या साहेबांनी पट्टी लावली आणि कागद माझ्याकडे वळवला. धुऱ्यावरच्या कानाची रेघ सगळ्यांच्या आधी हलली होती. त्यानंतर आणखी एक आवाज आला. तोही तसाच.

साहेब दिल्लीहून आले तेव्हा धाकट्या साहेबांनी कागद पुढे ठेवला. मी दारातच होतो, मला कुणी जा म्हटलं नाही. साहेबांनी कागद बघितला, मग मला विचारलं, "वायर कुठली वापरली?"

"तीच साहेब. जोडून."

"किती जोड?"

"बरेच."

त्यांनी कागद परत सरकवला. "तुकड्या-तुकड्याच्या वायरीवरची नोंद मी सही करून पाठवू? वर कुणी विचारलं तर काय सांगू? ही नोंद ग्राह्य नाही."

माझ्या कानांत समुद्र वाजायला लागला. तुकडे केले कुणी? मंडपावर चढवली कुणी? 'नंतर जोडून घेऊ' म्हणालं कोण? आज लिहिताना माझी मूठ वळते. तेव्हाही वळली होती, पाठीमागे. तोंडातून आलं ते एवढंच, "साहेब, जोड मी तपासले होते." ते मायेने म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे रे. पण कागदाला विश्वास कळत नाही." तो मायेचा सूर मला शिवीपेक्षा जास्त लागला.

बाहेर आल्यावर धाकटे साहेब म्हणाले, "मला लिहून देता येणार नाही. नोकरी अजून कच्ची आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. राग वाटून द्यायला माझ्याकडे शिल्लकच नव्हता, सगळा एका ठिकाणी साठला होता. मी म्हटलं, "लिहायचं कशाला? सांगायचं तर आहे."

रविवारी मी एसटीने गेलो. भीती होती, नाही कशी? नोकरी गेली तर कुठे जाणार, रापण तर केव्हाच दुसऱ्यांच्या हातात गेली होती. काकी अंगणात सूप घेऊन बसली होती. मी बसलोही नाही.

"काकी, आवाज तुमच्या घराखालून येतो."

"तुहा साहेब म्हनते असं?"

"साहेब नाही म्हणत. मी म्हणतो. कागदावर मी बघितलं."

तिने सूप खाली ठेवलं. रडली-बिडली नाही. घराकडे बघत राहिली, आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत. मग आत आवाज दिला, "बाई वं, लुगडी काढ दोरीवरची."

रस्त्याच्या पलीकडे, माळाच्याही पुढे, तिचं एक बरड वावर होतं. तिने आणि मुलाने घर उतरवायला घेतलं. कवेलू एकेक करून गाडीत, गवत घालून, फुटू नये म्हणून. दारं, चौकटी, आढं. टोलीतले आधी हसले. नंतर दोन घरं तिच्यामागे निघाली, बाकीची राहिली. त्यांना अहवालाने सांगितलं होतं ना, धोका नाही म्हणून!

गोष्ट साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मला बोलावलं. मी मनातल्या मनात सामान बांधलं होतं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "गेलास आणि सांगितलंस. शहाणा आहेस! जाऊ दे. गरीब माणूस, तुला काय कळतंय? मी काही करणार नाही."

मला माफ केलं त्यांनी! खरं बोलल्याबद्दल माफ केलं! आणि मी काय केलं असेल? मी वाकून नमस्कार केला. नोकरी वाचली होती, बायको होती, गावी आई होती, आणि पाठीला इतक्या वर्षांची सवय. कृतज्ञता खोटी नव्हती. पण त्या दिवसापासून तिच्या बुडाशी काहीतरी करपलं, ते खरवडून निघालं नाही.

टोलीची जमीन मी नागपुरात असेपर्यंत खचली नाही. चिरा वाढल्या, भांडी वाजत राहिली, पण खचली नाही. साहेब निवृत्त झाल्यावरही मी दर दिवाळीला त्यांच्या पाया पडायला जायचो, आणि दर दिवाळीला ते हातावर करंजी ठेवत विचारायचे, "काय रे, तुझी ती टोली अजून जमिनीवरच आहे ना?" मी म्हणायचो, "हो साहेब." ते हसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की प्रश्न तो नव्हताच. खचेल का, कधी खचेल, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं होतं की मी कशावर निजते आहे ते सांगा. ते तुम्हाला कळू शकत होतं. एका वायरीचा प्रश्न होता.

एकदा हे सगळं मी काकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "खचो नाहीतं राहो. मले आता झोप लागते."

तिचं नवं घर उभं राहिलं तेव्हा मला निरोप आला होता. भिंती झाल्या होत्या, कवेलू चढवायचे बाकी होते. नातू झाला होता, झोळीत निजलेला. टोलीतली तीन घरं आता इथे होती, माणसं जमली होती. मला वाटलं जेवायला बोलावलं. काकीने मला मधल्या मोकळ्या जागेत उभं केलं.

"तुहा कान आनला का?"

"नाही हो काकी. ते ऑफिसचं सामान."

"मंग तुहा लाव."

"काय?"

"तुहा सोताचा लाव जमिनीले. छप्पर चढवाच्या आंधी मले आयकून सांग. तूच सांगितलं होतं नं तिकडचं? मंग इकडचंही तूच सांग."

माणसाच्या कानाने काय कळतं, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ती वाट बघत होती. मी गुडघे टेकले, आडवा झालो, सारवलेल्या ओल्या जमिनीवर कान ठेवला. कुणी न सांगता सगळे थांबले. गाडीवानाने बैलांच्या गळ्यातल्या घंटा मुठीत धरल्या. सुनेने झोळीचा झोका थांबवला. तो काठीवाला म्हाताराही आला होता, त्याने काठी उचलून हातात धरली.

ती शांतता ऐकली आणि माझ्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. अशीच, हीच शांतता या माणसांनी आम्हाला दिली होती, धान भिजवून दिली होती, आणि आम्ही ती डांबरावर बसून फुकट घालवली होती. माझ्या कानात माझंच रक्त धडधडत होतं. ते सोडून दुसरं काही ऐकू येईना. मी तसाच पडून राहिलो, ते शांत होईपर्यंत. बराच वेळ लागला. कुणी हललं नाही.

मग धडधड उतरली, आणि खाली काही नव्हतं. गार माती आणि शेणाचा वास.

"काही नाही, काकी," मी म्हटलं.

"नीट आयकलं?"

"नीट ऐकलं."

"मंग ऊठ. कवेलू देऊ लाग."